फादर बोलले, आमचे शिकलेले कधी बोलणार?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी निवड झाली ती वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची. झाले! मराठीचे मक्तेदार खडबडून जागे झाले. पाद्र्याला मराठी संमेलनाचे अध्यक्षपद कसे, असा सवाल विचारला गेला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी संमेलनाला जाऊ नये म्हणून ब्राह्मण महासंघाने दबाव आणला. महानोर गेले, फादर बोलले, संमेलन पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी फादर हे जग सोडून गेले. पण तो सवाल मेलेला नाही. तो आमच्या ओळखीचा सवाल आहे. ‘यांना मराठी काय कळते?’ हेच आमच्या पहिल्या पिढीच्या कवींना आणि आत्मकथा लिहिणाऱ्यांनाही विचारले गेले होते.

उत्तर इतिहासात पडलेले आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतून वगळली तर आत्मचरित्राचे दालन ओके वाटेल. खुद्द जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला पश्चिमेचा बळीराजा मानले. मराठी ही कुणा एका आळीची मालमत्ता नाही. वसईत जन्मलेल्या दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक १९८३ ते २००७ अशी जवळपास पंचवीस वर्षे चालवले आणि बायबल सुबोध मराठीत आणले. याहून अधिक दाखला कोणता हवा?

मग हा सवाल येतो कुठून? तो ग्रंथांतून येत नाही, पडद्यावरून येतो. आमच्या किकवीच्या बाजूला कुणाला विचारा, ख्रिस्ती माणूस कसा असतो? उत्तर सिनेमातलेच मिळेल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी दारूचा अड्डा चालवतो, मारामारी करतो आणि चर्चमधल्या फादरसमोर मान खाली घालतो. प्रत्यक्षातले अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या मजोर्डे गावचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद ज्या गोवेकर ख्रिस्ती वादकांनी उभे केले, त्यांतले ते एक. गुरूचे नाव गाण्यात गाजले, पण गुरूची कला लोकांना कळली नाही. वसईचा केळी आणि भाजीपाला पिकवणारा, घरात सामवेदी बोली बोलणारा ख्रिस्ती शेतकरी तर या पडद्याला दिसलाच नाही.

आमचेही तेच झाले. १९३६ ची ‘अछूत कन्या’ असो की १९५९ ची ‘सुजाता’, आमचा माणूस दयेचा विषय होता. ‘फँड्री’ने २०१३ साली दगड भिरकावला तेव्हा कुठे आमचा पोरगा स्वतःच्या डोळ्यांनी प्रेक्षकाकडे बघू लागला. करमणूक निरुपद्रवी असते हा मोठा भ्रम आहे. ती माणसाचे आधी सोंग करते. मग त्या सोंगाबाहेर पडून माणूस बोलला की लोकांना धक्का बसतो.

फादर दिब्रिटो सोंगाबाहेर पडून बोलले. धर्मगुरूने प्रार्थना सांगावी, राजकारणात पडू नये, हा शहाणपणा त्यांनी मानला नाही. वसईच्या जमिनीवर आणि पाण्यावर बिल्डरांचा डोळा पडला तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. धमक्या आल्या, मागे हटले नाहीत. ५ जानेवारी २०२० ला जेएनयूच्या विद्यार्थ्यांवर हल्ला झाला आणि पाचच दिवसांनी, पाठीच्या दुखण्याने बेजार असताना, उस्मानाबादच्या व्यासपीठावरून त्यांनी त्याचा निषेध केला. गायीच्या नावाने माणसे मारणाऱ्यांनाही सुनावले. श्रद्धा आणि झुंडशाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची भूमिका होती.

येथे बाबासाहेबांची आठवण अटळ आहे. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतल्याचे सांगितले. पण त्याच भाषणात त्यांनी कानही उपटले. तुमचा समाज शिकलेला आहे, तुमच्या मुली नर्स होतात, मुले मास्तर होतात, पण ती आपापल्या संसारात गुंततात. अडाणी अस्पृश्य जेवढे अन्यायाविरुद्ध लढले तेवढे तुम्ही लढला नाहीत, राजकारणापासून दूर राहिलात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दिब्रिटो हे त्या तक्रारीला मिळालेले एक उत्तर आहे. दुसरे उत्तर फादर स्टॅन स्वामी यांचे. आदिवासींच्या बाजूने उभे राहिलेल्या या जेझुइट धर्मगुरूला वयाच्या ८३ व्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली आणि खटला चालण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतले आरोपी म्हणूनच गेले. कंपवाताने हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला पाणी पिण्याच्या नळीसाठी कोर्टात जावे लागले, हे या देशाने पाहिले आहे.

याचा अर्थ आम्ही चर्चची आरती ओवाळतो असा नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजात जुन्या जातींच्या खुणा लग्न जुळवताना आजही निघतात. दक्षिणेत दलित ख्रिस्त्यांच्या कबरीसुद्धा वेगळ्या राहिल्या. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करून आपल्या घरात जात आहे हे मान्य केले. बाबासाहेबांनी हेच कितीतरी आधी लिहून ठेवले होते. आणि सरकारचे काय? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत धर्माला बांधली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून दाराबाहेरच आहेत. धम्म स्वीकारल्याची शिक्षा केंद्राच्या सवलतीत चौतीस वर्षे सोसलेल्या आम्हा बौद्धांना ही वेदना समजावून सांगावी लागू नये. आमच्या वाट्यात वाटेकरी वाढेल या भीतीने जे गप्प बसतात, त्यांनी वाटा वाढवून मागावा. दार लावून घेऊ नये.

आता प्रश्न आमचा. १९३८ साली बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला जे सुनावले ते आज कुणाला लागू पडते? किकवीतून पाहिले तर उत्तर पुणे-सातारा रस्त्यावरच दिसते. पोरे शिकली. कुणी शिरवळच्या कंपनीत लागला, कुणी पुण्यात बँकेत, कुणी मुलगी नर्स झाली, कुणी शिक्षिका. हे बाबासाहेबांमुळे झाले आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण हा शिकलेला वर्ग गावात येतो तो १४ एप्रिलला. डीजेच्या भिंती लागतात, मोबाइलवर स्टेटस चढते, रात्री बाराला सगळे शांत. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या पाण्याचा, गायरानाचा, दाखल्याचा प्रश्न पुन्हा त्याच म्हाताऱ्याच्या गळ्यात, ज्याला तलाठ्याचा कागद वाचता येत नाही.

गाण्यावर आमचा राग नाही. भीमगीतांनी, जलशांनी ही चळवळ घरोघर नेली. कर्डकांच्या, वामनदादांच्या मागे माणसे गावोगाव चालली, कारण त्या गाण्यानंतर सभा होती आणि सभेनंतर लढा होता. आज गाणे उरले, सभा गेली. विहाराला कुलूप आणि किल्ली कुणाकडे तेही ठाऊक नाही.

एक फादर पाठीचे दुखणे घेऊन संमेलनात जाऊन सत्तेला चार शब्द सुनावतो. आमच्या शिकलेल्यांना धडधाकट शरीर आहे, पगार आहे, रविवारची सुट्टी आहे. महिन्यातला एक रविवार गावच्या विहारात द्यावा, दहा मुलांपुढे संविधान उघडावे, एका म्हाताऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. एवढेही जमणार नसेल, तर सोलापूरचे ते भाषण बाबासाहेबांनी आपल्यालाच उद्देशून केले असे समजावे.

जय भीम!