सवलतीचा वेळ आणि शिकवण्याचा तास

शालान्त परीक्षेत अध्ययन-अक्षम विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो, लेखनिक घेता येतो, शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या गुणांतून वजा होत नाहीत. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभाही त्याला देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा सवलतींना औपचारिक मान्यता दिली आणि एरवी दहावीच्या दाराशीच अडली असती अशी कितीतरी मुले त्यामुळे पुढे गेली. या निर्णयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या सर्व सवलतींत एक समान सूत्र आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यांना शासनाच्या तिजोरीतून जवळजवळ काहीच खर्च करावा लागत नाही. ज्याला खर्च लागतो, ती गोष्ट म्हणजे या मुलाजवळ बसून त्याला शिकवणाऱ्या माणसाचा तास. तो पालकांच्या खिशावर सोडून दिलेला आहे.

वाचन-लेखनात अडखळणारी, लक्ष एका ठिकाणी न ठरणारी, स्वमग्न अशा मुलांना एकत्रितपणे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. शब्द नवा असला तरी मुले जुनीच आहेत. मागील पिढीत त्यांना ‘मठ्ठ’, ‘वांड’ किंवा ‘आपल्याच तंद्रीत असणारा’ अशी विशेषणे लागत आणि प्रकरण बहुधा छडीवर मिटे. आता प्रकरण प्रमाणपत्रावर मिटते. मुंबईत शीव, नायर आणि के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होऊन ते मिळते; आणि ते हाती पडले की आपले कर्तव्य संपले, असे शाळेला वाटू लागते.

वस्तुतः खरे काम तेथून सुरू व्हावयास हवे. चौदा-पंधरा वर्षांच्या अशा मुलाला व्यक्तिगत मार्गदर्शन म्हणजे नेमके काय द्यावयाचे, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ती नेहमीची शिकवणी नव्हे. शिकवणीत वर्गात झालेलेच पुन्हा, अधिक वेगाने, सांगितले जाते; या मुलाची अडचण तर मुळातच वेगाची असते. ज्याला जोडाक्षरे फुटत नाहीत, रफार कोठे द्यावा हे उमगत नाही, त्याला ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध पुन्हा पहिल्यापासून, हाताने गिरवीत, तोंडाने उच्चारीत शिकवावा लागतो. ज्याचे लक्ष ठरत नाही, त्याला धडा समजतो. परंतु सोमवारी द्यावयाच्या प्रकल्पाला शनिवारी हात कसा घालावा हे समजत नाही. मार्गदर्शकाने तो प्रकल्प लिहून द्यावयाचा नसतो. ‘यातले आधी काय करशील?’ एवढे विचारावयाचे, उत्तराची वाट पाहावयाची, कामाचे पाच तुकडे करून घ्यावयाचे, पहिल्या तुकड्याला किती मिनिटे लागतील याचा अंदाज मुलालाच बांधू द्यावयाचा आणि मग घड्याळाकडे पाहून तो किती चुकला हेही त्यालाच पाहू द्यावयाचे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत, परीक्षेचा वर्ग बदलला किंवा घंटा अवेळी वाजली तर काय करावयाचे, याचीही आधी तालीम घ्यावी लागते. असे काम साठ मुलांच्या वर्गात होत नाही, यात वर्गशिक्षकाचा दोष नाही.

एकाला एक शिकवण्याचा गुण किती, हा प्रश्न शिक्षणशास्त्राला नवा नाही. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे मांडले की, व्यक्तिगत मार्गदर्शन मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. पुढील संशोधनात हा लाभ इतका मोठा आढळला नाही, आणि ब्लूम यांचे प्रयोग सर्वसाधारण मुलांवर झालेले होते. तरीही त्यांचे दुसरे विधान आजही खरे आहे: ही पद्धत सर्वांना पुरवणे बहुतेक समाजांना परवडणारे नाही. का परवडत नाही, याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये वाद्यवृंदांच्या संदर्भात दिले होते. कारखान्यात यंत्राने श्रम वाचतात. चौघांनी वाजवावयाची रचना वाजवण्यास मात्र आजही तितकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. मजुरी सर्वत्र वाढते, म्हणून अशा सेवेची किंमत इतर वस्तूंच्या तुलनेने चढतच जाते. अडखळणाऱ्या मुलाजवळ बसण्याचा तास याच जातीचा आहे. तो लवकर उरकता येत नाही. उरकला तर तो तासच राहत नाही.

बाजारात या तासाचे काय होते ते उघड आहे. समजा, ताशी पाचशे रुपये आणि आठवड्याला दोन तास असा हिशेब धरला, तर महिन्याला चार हजार रुपये होतात. एखाद्या लेखनिकाच्या किंवा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या घरात ही रक्कम कशातून काढावयाची? पुन्हा विकत घेतलेली वस्तू अस्सल आहे की नाही, हेही पालकाला कळत नाही. विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नुसता ‘कोच’ म्हणून पाटी लावावयास मात्र कोणतीही नोंदणी लागत नाही. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने देशभरच्या पालकांचे डोळे ओले केले आणि उघडलेही. त्यातील निकुंभ सर त्या मुलाला स्वतंत्र वेळ देतात. त्या वेळेचे वेतन कोण देणार, हा प्रश्न चित्रपटाला पडला नाही. तो पडावा अशी अपेक्षाही नाही. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना तो पडावयास हवा होता.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत. अवधानाचा दोष मात्र त्या यादीत नाही, ही मोठी उणीव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्णयानंतर केंद्र शासनाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक, त्यापुढील स्तरांवर १५ मुलांमागे एक. २०२५ च्या मार्चमध्ये, राज्यांनी ही पदे निश्चित करून जाहीर करावीत, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

या प्रमाणाचा साधा हिशेब करून पाहावा. विशेष शिक्षकाला आठवड्याला तीस तासिका धरल्या, तर पंधरा मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दोन तासिका स्वतंत्रपणे येतात. नोंदी, पालकभेटी आणि वर्गशिक्षकांशी विचारविनिमय यांत निम्मा वेळ गेला असे मानले, तरी एक तासिका उरतेच. म्हणजे बाजारात महिन्याकाठी हजारोंना विकली जाणारी वस्तू या ठरवून दिलेल्या प्रमाणात आधीच अंतर्भूत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकपदांना मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना तिने दिलासाही मिळाला. परंतु एका केंद्रात अनेक शाळा मोडतात. या गावाहून त्या गावी फिरणारा शिक्षक मुलाची भेट घेऊ शकतो, त्याची तासिका घेऊ शकत नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप येणारच, आणि तो थिल्लर नाही. विशेष शिक्षकाचे सर्वच काम एकाला एक असावे लागत नाही. वाचनाचा सराव दोघातिघांचा मिळूनही घेता येतो. मराठीतील चाचण्यांचीही आता वानवा नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीत मराठीचा समावेश आहे. वानवा आहे ती चाचणीनंतर मुलाजवळ बसणाऱ्याची. त्यासाठी महाविद्यालयांतील ‘कमवा आणि शिका’ योजनेचा विचार अद्याप गंभीरपणे झालेला दिसत नाही. या योजनेतील विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेला पाणी घालतात. त्यांतील काहींना विशेष शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण देऊन जवळच्या माध्यमिक शाळेत पाठवता येईल. अक्षर-ध्वनीचे उपचारात्मक अध्यापन त्यांचे काम नव्हे; परंतु वेळापत्रक आखून घेणे, प्रकल्पाचे तुकडे पाडून घेणे, मुलाशेजारी तासभर शांत बसणे एवढे एकोणीस-वीस वर्षांचा समंजस तरुण निश्चित करू शकतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे ऐकणे वडीलधाऱ्यांचे ऐकण्यापेक्षा पुष्कळदा सोपे जाते. मोबदल्याचा दर मात्र बागकामाच्या दराहून वरचा ठेवावा लागेल, आणि तेवढी तरतूद जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व्हावी लागेल. दिवाळीनंतर मिळालेला मार्गदर्शक दहावीच्या मुलाच्या फारसा उपयोगी पडत नाही.