कॅम बदललात, आता करंट कुठे पाडणार?

क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल एमजी येते आणि लगेच बँक बॅलन्सही येतो. म्हणून मग बरेच जण आजोबांच्या फिएटकडे वळतात. त्यात कमीपणा काही नाही, बॉस! मद्रासच्या शोलावरम ट्रॅकवर हीच फिएट ११०० एकेकाळी रेसमध्ये पळायची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन साधं, सरळ आणि कुणालाही उघडता येईल असं. हॉट कॅम बसवायची खुमखुमी येते ती इथेच.

कॅम बसतो. गाडी सुरू होते. सिग्नलला मस्त धडधडते. आणि मग कुणीतरी तिला महाडच्या पुढे, पोलादपूरहून डावीकडे आंबेनळी घाटात घालतं. वाडा कुंभरोशी यायच्या आत बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज सुरू! हे नॉकिंग. पिस्टनला भोक पाडायची ताकद त्यात असते, त्यामुळे म्युझिक सिस्टिम बंद ठेवूनच घाट चढा.

होतं काय? हॉट कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. कमी आरपीएमला त्यामुळे सिलिंडरमधला दाब पडतो, मिश्रण रेंगाळत जळतं, आणि इंजिन म्हणतं, करंट जरा लवकर द्या. आपण डिस्ट्रिब्यूटर फिरवतो आणि आयडलिंग सुधारतं. पण वरच्या आरपीएमला हाच कॅम सिलिंडर गच्च भरतो. तिथे जादा अॅडव्हान्स नकोच असतो. समजा मूळ सेटिंग १० अंश होतं आणि डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं त्यात २४ अंशांची भर घालत होती, एकूण ३४. तुम्ही सुरुवात १६ वर नेलीत तर टोक आपोआप ४० वर जातं. खरं काम पुढचं आहे. वजनांची चाल कमी करून भर १८ वर आणायची. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे आत फक्त ९ अंश. हे करायला कंटाळा करणारे मेकॅनिक खूप आहेत, आणि बिल मात्र पूर्ण घेतात!

आता सेटिंग. ह्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टच्याच दातांवर फिरतो. कॅम काढला की जुन्या खुणा विसरा, एक दात इकडेतिकडे झाला तरी सगळं गणित चुकतं. आधी टॅपेट नव्या कॅमच्या मापाने लावा, मग पॉइंटचा गॅप. गॅप बदलला की टायमिंग हलतं, म्हणून क्रम उलटा नको. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठा ढकलला गेला की ते कॉम्प्रेशन. टॉप दोनदा येतो, नुसत्या पुलीच्या खुणेवर भरवसा ठेवणारा चार नंबरला एक समजून बसतो. पुली ठरलेल्या अंशावर आणा, पॉइंटला बारा व्होल्टचा बल्ब जोडा, डिस्ट्रिब्यूटर हळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी नट आवळा. फायरिंग १-३-४-२.

मग टायमिंग लाइट. व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून तोंड बंद करा, आणि आयडलिंगला नव्हे तर तीन-साडेतीन हजारांवर, वजनं पूर्ण उघडल्यावर वाचा. हॉट कॅमचं आयडलिंग नाचरं असतं, तिथला आकडा फसवतो.

शेवटची परीक्षा घाटातच. पण घाटाच्या खालच्या टप्प्यात! पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. वर हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, म्हणून नॉकिंग आपोआप मावळतं आणि गडी खूश होतो. खरा निकाल दुपारच्या उन्हात, पायथ्याशी, तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. आवाज आला तर दोन अंश मागे. मात्र भीतीपोटी फार मागे जाऊ नका. उशिरा पडलेला करंट इंजिन तापवतो, काटा लालकडे जातो आणि लोक बिचाऱ्या रेडिएटरला शिव्या घालतात. पावसाळ्यात हे प्रयोग नकोत, दरडी कोसळून आंबेनळी अनेकदा बंद असतो.

कशेडीवर ही परीक्षा घेणारे जुने लोक आहेत. २०२३ च्या गणपतीत बोगदा सुरू झाल्यापासून कोकणात उतरणाऱ्यांना तो चढ टाळता येतो. टायमिंग कानाने लावणारे हायवेकाठचे वस्ताद तयार झाले ते अशाच चढांवर. बोगद्यातून पळणाऱ्या गाड्यांचं टायमिंग कॉम्प्युटर बघतो. असा कुणी वस्ताद सापडला तर त्याच्या हातात पान्हा द्या आणि बाजूला उभे राहून बघा. टायमिंग लाइट नंतर लावून पडताळा.

एक नवी भानगड पेट्रोलची. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल आहे. ते नॉकिंगला आवरतं, त्यामुळे अॅडव्हान्सला थोडी मोकळीक मिळते. पण जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण पातळ पडतं, जेट मोठा लागू शकतो, आणि फ्युएल पंपाचा जुना रबरी पडदा त्यात टिकत नाही. तो आधी बदला, टायमिंग मग.