यंत्र तयार आहे, पेशींचे काय?

मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिसचा आधार असतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जोडून घेऊन माणसे वर्षानुवर्षे जगतात, जमेल तशी नोकरीही करतात. यकृत एकाएकी निकामी झाले, तर असा आधार नाही. कधी हिपॅटायटिस ई ची कावीळ, कधी क्षयाच्या औषधांचा दुष्परिणाम, कधी उंदीर मारण्याचे विष कारण ठरते आणि धडधाकट तरुण काही दिवसांत बेशुद्ध होतो. मग अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांपुढे प्रश्न येतो : यकृताचा भाग कोण देणार? भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर, म्हणजे घरच्यांवरच, अवलंबून आहेत.

विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये सेलोफेनच्या नळ्या वापरून डायलिसिसचे यंत्र उभे केले. यकृताचे यंत्र मात्र अजून का नाही? कारण रक्त गाळणे हा यकृताच्या कामाचा एक छोटा भाग आहे. ते अमोनियाचे युरियात रूपांतर करते, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने तयार करते, औषधांचे विघटन करते. पडदा घाण काढू शकतो. प्रथिने बनवू शकत नाही. म्हणूनच यंत्राच्या नळकांड्यात जिवंत पेशी ठेवून त्यांच्याजवळून रुग्णाचा रक्तद्रव फिरवायचा, ही कल्पना पुढे आली.

तिच्या मोठ्या चाचण्याही झाल्या. डुकराच्या सुमारे ७०० कोटी यकृतपेशी असलेल्या ‘हेपाटअसिस्ट’ची १७१ रुग्णांवरील चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस दिवसांनंतर उपकरण वापरलेल्या गटात ७१ टक्के, तर दुसऱ्या गटात ६२ टक्के रुग्ण जिवंत होते. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. ‘एलाड’ या अमेरिकी उपकरणात मानवी पेशी होत्या, पण यकृताच्या गाठीपासून मिळवलेल्या. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या २०३ रुग्णांवरील त्याची चाचणी २०१५ मध्ये अपयशी ठरली. अधिक निवडक रुग्ण घेऊनही २०१८ मध्ये तेच घडले.

अडचण पेशींच्या स्वभावात आहे. दात्याने अर्ध्याहून अधिक यकृत दिले, तरी उरलेला भाग काही महिन्यांत जवळपास पूर्वीइतका वाढतो. तीच पेशी शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेच्या तबकडीत ठेवली, की जवळजवळ वाढत नाही आणि काही दिवसांत आपले काम विसरू लागते. उलट, गाठीपासून आलेल्या पेशी हव्या तितक्या वाढतात. मात्र त्या कामात कच्च्या असतात. ‘एलाड’मधील पेशींची अमोनियाचे युरिया करण्याची क्षमता फारच तोकडी होती. मूळ पेशींपासून घडवलेल्या यकृतपेशीही बऱ्याच अंशी गर्भातील यकृतपेशींसारख्या अपरिपक्व राहतात.

म्हणूनच या क्षेत्राची प्रगती किती यंत्रे बाजाराच्या उंबरठ्यावर आली यावर मोजणे चुकीचे आहे. एमआयटीच्या संगीता भाटिया आणि सलमान खेतानी यांनी २००८ मध्ये यकृतपेशींची छोटी बेटे करून त्यांच्याभोवती आधारपेशी वाढवल्या, तेव्हा त्या पेशी कित्येक आठवडे काम करत राहिल्या. पेशींना शेजार लागतो, हे त्यातून दिसले. अशा संथ कामातूनच उद्याचे उपकरण घडेल. पैसा आणि संयम आधी तिथे हवा.

मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाने इतकी वाट का पाहावी, काहीतरी करणे हे काहीच न करण्यापेक्षा बरे नव्हे का, असा आक्षेप घेतला जातो. तो भावनेने खरा आहे. पण रक्त शरीराबाहेर फिरवताना रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची जोखीम असते, आणि अशा रुग्णाचे रक्त आधीच नीट गोठत नसते. शिवाय पर्याय अगदीच नाही, असेही नाही. यकृत एकाएकी निकामी झालेल्या १८२ रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत, मोठ्या प्रमाणात रक्तद्रव बदललेल्यांपैकी ५८.७ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले. इतरांत हे प्रमाण ४७.८ टक्के होते. जे सिद्ध झाले आहे ते आधी रुग्णापर्यंत पोहोचावे. नव्या उपकरणातील पेशी अमोनिया किती काढतात आणि प्रथिने किती बनवतात, याचा हिशेब रुग्णाला जोडण्यापूर्वीच मांडला जावा.

यंत्राने यकृताला आठवडाभर उसंत दिली, तरी अनेकांचे यकृत स्वतःच सावरू शकेल, आणि भावाला किंवा मुलीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागणार नाही. त्या आठवड्यासाठी पेशी नुसत्या जिवंत असून भागणार नाही, त्यांना यकृताचे काम यायला हवे.