'शॉक' या शब्दाची दहशत

'शॉक द्यावे लागतील' असे डॉक्टरांनी म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर आधी उभा राहतो तो सिनेमा. १९७५ च्या 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'मधला जॅक निकल्सन जागेपणी झटके सोसतो. आपल्या हिंदी चित्रपटांनीही तेच गिरवले. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी १९३८ साली हा उपचार प्रथम केला तेव्हा भूल देत नसत, आकडीच्या जोराने कधी हाडेही मोडत, हे खरेच. आज मात्र भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच मनाई केली आहे. दोन-तीन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही ज्याचे नैराश्य हटत नाही, जो अन्नपाणी सोडून मरणाचीच भाषा करतो, त्याला इतक्या लवकर वर काढणारे उपचार वैद्यकाजवळ फार थोडे आहेत. भीतीपोटी तो नाकारणे ही चैन अशा घराला परवडणारी नाही.

मात्र भलामण करताना स्मृतीविषयी मौन पाळू नये. उपचाराच्या आसपासचे दिवस पुसट होतात; काहींच्या त्याआधीच्या काही आठवणी परत येतच नाहीत. मुलीचे लग्न आठवू नये, हे दुःख लहान नाही. सही घेण्यापूर्वी हे रोग्याला सांगितलेच पाहिजे. आणि रोग्याला, केवळ त्याच्या थोरल्या भावाला नव्हे!

दुसरा मार्ग चुंबकाचा. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या या तंत्राला नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. डोक्याशी तारेचे वेटोळे धरतात. भूल लागत नाही, स्मृती शाबूत राहते, आकडी क्वचितच येते. पण अतितीव्र नैराश्यात शॉकइतका गुण येत नाही, आणि आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. गडचिरोलीच्या माणसाने नागपुरात महिनाभर राहायचे कुठे? विम्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच वागवावे, असे तोच कायदा सांगतो. बँकेत असताना वैद्यकीय बिले माझ्या टेबलावरून जात. खोलीभाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यांना त्या कागदांत रकानाच नसे.

जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ असतो, शस्त्रक्रियेचे टेबल असते. आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी ते टेबल या रोग्यांसाठी राखून ठेवावे, एवढी मागणी तरी आपल्या आमदारांकडे करता येईल.