सोनोग्राफी : डाग यंत्राचा नव्हे

महाराष्ट्रात सोनोग्राफीचे नाव निघाले की आधी गुन्हा आठवतो, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ साली, याच राज्याला करावा लागला. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. या ऱ्हासात सांगली-कोल्हापूरसारखे सधन जिल्हे पुढे होते. नवरात्रात कुमारिकापूजन करणाऱ्या घरांनीच डॉक्टरांच्या कानाशी लागून 'काय आहे?' असे विचारले, हे कटू असले तरी सत्य आहे.

मात्र या पापाचा डाग यंत्राला असा काही चिकटला की, ते मुळात कशासाठी आले याचाच समाजाला विसर पडला. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी धातूतील तडे शोधणाऱ्या औद्योगिक उपकरणापासून प्रेरणा घेतली आणि १९५८ साली आपले संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. न दिसणारे संकट वेळीच दिसावे, हा त्यामागचा हेतू.

जोखमीच्या गर्भारपणात हा हेतू प्रत्यक्ष प्राण वाचवतो. वार गर्भाशयाच्या तोंडावर बसलेली असेल, तर प्रसूतीच्या वेळी अनावर रक्तस्राव होऊ शकतो. आधीचे सिझेरियन असेल, तर हीच वार जुन्या व्रणात खोल रुतलेली असण्याची भीती असते. हे आधी कळले, तर शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेपूर्वी मुक्काम हलवता येतो. न कळले, तर रात्री कळा सुरू झाल्यावर धावाधाव. जुळ्यांची वार एक आहे की दोन, हे पहिल्या तिमाहीच्या अखेरीस स्पष्ट दिसते, नंतर सांगणे अवघड जाते. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असल्याने सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. रक्तदाब वाढलेल्या मातेच्या पोटातील बाळाची वाढ खुंटत असेल, तर डॉप्लर तपासणीत नाळेतील रक्तप्रवाह बिघडल्याचे दिसते आणि प्रसूती कधी करावी, हे ठरवता येते.

वैद्यकीय चाचण्यांचा निष्कर्ष येथे लक्षात घेण्याजोगा आहे. जोखमीच्या मातांमध्ये डॉप्लरमुळे बालमृत्यू कमी होतात. निरोगी मातेला मात्र चोविसाव्या आठवड्यानंतर सरसकट सोनोग्राफी केल्याने तसा लाभ दिसलेला नाही. पण व्यवहार नेमका उलटा चालतो. शहरातील धडधाकट सूनबाईंच्या दर भेटीला सोनोग्राफी, डोहाळजेवणात बाळाच्या छायाचित्राचे कौतुक. आणि मेळघाटातील वा भामरागडच्या पाड्यावरील रक्तक्षयग्रस्त मातेला वेळेवर एक तपासणीही दुरापास्त. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आला आहे. अशा ठिकाणी चार आठवडे आधी मिळालेली सूचना म्हणजेच उपचार.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावली जाते. ही योजना उत्तमच. परंतु खूण लावल्यानंतर त्या मातेला सोनोग्राफीपर्यंत आणि तेथून योग्य रुग्णालयापर्यंत कोण नेणार, हा खरा प्रश्न आहे.

यावर कायदा सैल करा, अशी मागणी काही डॉक्टर करतात. ती मान्य होण्याजोगी नाही. नोंदी न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक नव्हे, ही सर्वोच्च न्यायालयाची २०१९ मधील भूमिका योग्यच होती. शिवाय नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाला सुवाह्य यंत्र नेण्याची मुभा नियमांत आहेच. नऊ तारखेला असे पथक, अहवाल वाचू शकणाऱ्या डॉक्टरसह, पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचते का, हे स्थानिक कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे, आणि पोहोचत नसेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना त्याचा जाब विचारावा.