भारतातून आणलेली ‘ती ट्यूब’ आणि मुलांच्या दोन छोट्या ग्रंथी

अल्फारेटातल्या आईबाबांनो, ऑगस्ट उजाडला की इथल्या शाळा सुरू, म्हणजे आपण सगळे जुलैअखेर भारतातून परत. बॅगेतून चिवड्याबरोबर औषधांची पिशवीही निघते: खाजेची ट्यूब, धाप लागली तर द्यायच्या गोळ्या. “आपल्या मेडिकलवाल्याने दिलंय, लगेच गुण येतो!” स्पष्टच सांगतो, हे थांबवा.

लगेच गुण येतो, कारण त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लेबल वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन.

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. मोठ्या माणसात जेमतेम ४-५ ग्रॅमची. कॉर्टिसॉल तीच बनवते. ताप, उलट्या, ऑपरेशन अशा वेळी रक्तदाब आणि साखर सावरायला शरीराला ते जास्त लागतं. बाहेरून स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे येत राहिलं, की मेंदू या ग्रंथींना हुकूम देणं थांबवतो आणि त्या सुस्तावतात. मग ट्यूब किंवा गोळी एकदम बंद झाली आणि त्यातच पोर तापाने फणफणलं, तर रक्तदाब कोसळू शकतो. जिवावर बेतू शकतं. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ, त्यात डायपरखाली लावलेलं मलम आणखीच मुरतं.

“आम्ही नाही का यावरच मोठे झालो?” झालो. पण भारत सरकारनेही २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती काय उगाच? “इथे डॉक्टर महाग, अपॉइंटमेंट मिळत नाही,” हेही खरं. पण त्याची किंमत पोराने का मोजायची?

स्टिरॉइड वाईट नाही. दम्यात, एक्झिमात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वरदानच आहे. राग आहे तो आपल्या लपवालपवीवर. अर्जंट केअरच्या फॉर्मवर ‘चालू औषधं’ समोर आपण बिनदिक्कत ‘काही नाही’ लिहितो. का, तर “ते काय औषध थोडंच, मलम आहे.” समोरचा डॉक्टर मग अंधारात चाचपडतो.

आणि हे वाचून लगेच ट्यूब कचऱ्यात टाकू नका! बरेच दिवस वापरली असेल तर एकदम थांबवणं हाच धोका. फोटो काढा, पीडियाट्रिशियनला दाखवा, किती दिवस आणि कुठे लावली ते सांगा. सुस्ती, सारख्या उलट्या, चक्कर दिसली तर थेट इमर्जन्सी गाठा आणि ‘स्टिरॉइड’ हा शब्द आधी उच्चारा.

आजीआजोबांनाही प्रेमाने सांगा: लाडू आणा, ट्यूब नको.