माळावरचे लांडगे आणि गावातली कुत्री

पावसाळा सरला की सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या भागातला माळ पिवळा पडतो आणि पहाटे जीपगाड्या दिसू लागतात. वनविभागाच्या गवताळ सफारीमुळे बारामती-इंदापूरचा हा पट्टा अलीकडे चांगलाच ओळखीचा झाला आहे. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा पाहायला लोक येतात. त्यांच्या छायाचित्रांतून एक प्राणी मात्र बहुधा वगळला जातो. तो म्हणजे कुत्रा. माळाच्या आरोग्याचा विचार करताना त्याला वगळून चालणार नाही.

देशात लांडगे सुमारे तीन हजार उरले असावेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना वाघाच्याच तोडीचे स्थान आहे. पण वाघाला जंगल आहे. लांडगा मेंढपाळांच्या, शेतांच्या आणि वस्त्यांच्या मधूनच वावरतो. 1997 मध्ये घोषित झालेले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी मोलाचे आहे, पण त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडग्यांच्या एका टोळीला शंभर चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख लागतो. म्हणजे त्याचे बहुतेक आयुष्य अभयारण्याबाहेरच जाते, आणि तिथे त्याची गाठ मोकाट कुत्र्यांशी पडते.

या गाठीतून पहिला धोका रोगाचा. कॅनाइन डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. तो श्वासातून, लाळेतून पसरतो. फुप्फुसे आणि आतड्यांपासून मेंदूपर्यंत पोहोचतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, त्यामुळे गावात कुत्री दगावली तरी फारशी चौकशी होत नाही. 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत त्या सिंहांमध्ये हाच विषाणू आढळला आणि उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली. सेरेंगेटीत तर 1994 च्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. लांडगा हा कुत्र्याच्याच कुळातला. छोट्या टोळीत साथ शिरली तर ती टोळीच संपू शकते. रेबीजचेही तेच, आणि तिथे माणूसही सुटत नाही.

दुसरा धोका संथ आहे, म्हणून अधिक फसवा. लांडगे विरळ आणि कुत्री मुबलक झाली की जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्र्याशी जुळतो. अशी संतती प्रजननक्षम असते, त्यामुळे कुत्र्याची जनुके लांडग्यांत शिरत राहतात. पुणे जिल्ह्यात वेगळ्याच तांबूस रंगाचे ‘लांडगे’ दिसल्यावर संशोधकांनी त्यांचा जनुकीय अभ्यास केला आणि 2023 मध्ये संकराचा पुरावा प्रसिद्ध झाला. भारतीय लांडगा हा जगातील अतिप्राचीन वंशांपैकी एक मानला जातो. लस देऊन साथ आटोक्यात आणता येते. एकदा मिसळलेली जनुके वेगळी काढता येत नाहीत.

मग करायचे काय? कुत्री मारणे बेकायदा आहे आणि निरुपयोगीही. अन्न शिल्लक असेल तर रिकामी जागा शेजारची कुत्री भरून काढतात. खरा प्रश्न त्या अन्नाचाच. या दोन तालुक्यांत कोंबडीपालन जोरात आहे, आणि मेलेल्या कोंबड्या माळाच्या कडेला टाकल्या की कुत्री तिथेच मुक्काम ठोकतात. लांडगे आणि तरसही तिथेच येतात, म्हणजे विषाणूसाठी आयतीच भेटीची जागा! झाकलेला खड्डा, चुन्याचा थर एवढ्यानेही फरक पडेल. ते काम वनविभागापेक्षा ग्रामपंचायतीच्या हातातले आहे. सफारीच्या वाटेवर उरलेसुरले खाणे टाकणाऱ्या पाहुण्यांनाही हे सांगायला हवे.

कुत्र्यांच्या निर्बीजीकरण मोहिमेत रेबीजची लस दिली जाते. माळाला लागून असलेल्या गावांत, आणि मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांनाही, डिस्टेंपरची लस सोबत देता येईल. पिल्लांना एकाहून अधिक मात्रा लागतात आणि मोकाट कुत्रे दुसऱ्यांदा हाती लागणे कठीण, हे खरे. म्हणून सुरुवात धन्याच्या कुत्र्यांपासून करावी. लांडग्यांची पिल्ले बहुतेक हिवाळ्यात जन्मतात. तेव्हा हे काम दिवाळीपूर्वी उरकले तर बरे.